खडा कुठून येतो?

पेणला जायला पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलो आणि कर्नाळ्याच्या अलीकडे समोरच्या काचेवर ‘टक्’ असा आवाज झाला. गाडी भाच्याची. नंबरप्लेट लागून जेमतेम नऊ दिवस झाले होते, मागच्या सीटवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नव्हतं. पुढे खडीचा डंपर चालला होता. त्यावर ताडपत्री होती, पण मागच्या एका कोपऱ्यात दोरी सुटून ती फडफडत होती. भाच्याने गाडी बाजूला घेतली. वायपरच्या वर चार बोटांवर तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला होता आणि त्यातून केसासारखे तीन पाय फुटले होते. त्यावर बोट फिरवत तो म्हणाला, “मामा, माझी चूक तरी काय झाली?”

हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. पनवेल, कामोठे, कळंबोली, करंजाडे, उलवे या पट्ट्यात दसऱ्याला आणि पाडव्याला एमएच 46 नंबरच्या किती नव्या गाड्या रस्त्यावर येतात! चाकाखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो. त्यानंतर शोरूममध्ये जे जे कोटिंग सुचवलं जाईल त्याचे पैसे भरतो. पण खडा येतो कुठून आणि लागतो कसा, हे कोणी सांगत नाही. ते कळलं की पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत हे आपोआप उमगतं.

तो खडा आपल्या घराजवळचाच असतो. पनवेल-उरण भागातले डोंगर बसाल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले, त्यांचा हा दगड. बांधकामाला उत्तम, म्हणून इथे खाणी आणि क्रशर. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली. त्या विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं. त्याच्या आजूबाजूला उभी राहणारी शहरं, रस्ते, पूल, सगळ्यांना खडी, ग्रिट आणि कच लागते. ती डंपरने जाते. त्यातच जेएनपीटी बंदराचे कंटेनर, कळंबोलीच्या लोखंड बाजाराचे ट्रेलर, तळोजा एमआयडीसीचे टँकर. जुना पुणे रस्ता, गोव्याचा रस्ता आणि बंदराचा रस्ता पळस्प्याच्या परिसरात एकमेकांना भेटतात. एवढी अवजड वाहतूक एका ठिकाणी एकवटलेली राज्यात फार थोड्या जागी दिसेल. आपण नवी गाडी घेऊन त्याच गर्दीत शिरतो.

आता खडा लागतो कसा ते पाहू. आपल्याला वाटतं, पुढच्या ट्रकने दगड ‘मारला’. बहुतेक वेळा तसं नसतं. फिरत्या चाकाचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो त्या क्षणी रस्त्याच्या मानाने स्थिर असतो. तिथे दाबला गेलेला खडा निसटून वर उडतो, तेव्हा त्याला पुढे जाण्याचा वेग फारसा नसतोच. तो जवळजवळ जागच्या जागी वर जातो आणि हवेत लोंबकळल्यासारखा राहतो. आपण ताशी 80 किलोमीटरने जाऊन त्याच्यावर आदळतो. म्हणजे काचेला बसणारा दणका आपल्याच वेगाचा असतो. दणक्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे 80 च्या जागी 110 ने जात असलो तर तोच खडा जवळपास दुपटीने लागतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकाखालचा खडाही आपल्याला आपल्याच वेगाने भेटतो.

यातच उपायही आहे. दोन मीटर उंच उडालेला खडा साधारण सव्वा सेकंदात परत जमिनीवर येतो. तेवढ्या वेळात 80 च्या वेगाने आपण 28-29 मीटर पुढे जातो. भाचा डंपरच्या मागे वीसेक मीटरवर होता, म्हणजे खडा हवेत असतानाच तिथे पोचणाऱ्या अंतरावर. तोच तीन सेकंद मागे, म्हणजे 65 मीटरच्या आसपास राहिला असता तर खडा त्याच्या चाकाखाली गेला असता, काचेवर नाही. अंतर मोजायला यंत्र नको. पुढच्या गाडीने एखादा दिव्याचा खांब ओलांडला की सावकाश तीन आकडे मोजायचे. तीन म्हणायच्या आत आपण खांबाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. अंतर ठेवलं की कोणीतरी मध्ये घुसतो, ही तक्रार खरी आहे. घुसू द्यावं आणि पुन्हा मागे व्हावं. पनवेल ते पेण या टप्प्यात असे दहा जण घुसले तरी पोचायला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त फरक पडत नाही.

डंपरच्या बाबतीत मी आणखी एक गोष्ट पाळतो. मागच्या जोडचाकांच्या फटीत कधी कधी मुठीएवढा दगड अडकतो. तो सुटला तर खड्यासारखा लोंबकळत नाही, गोफणीतून सुटल्यासारखा येतो. त्यामुळे डंपरच्या मागे रेंगाळायचं नाही. मागे तरी राहायचं किंवा जागा बघून एकदाच पुरतं ओलांडून जायचं, बाजूने चिकटून चालायचं नाही.

काचेचं सांगतो. समोरची काच एकसंध नसते. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, म्हणून ती फुटली तरी अंगावर पडत नाही. ही कल्पना एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाची. 1903 मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत एक चंबू उंचावरून पडला, तडकला, पण तुकडे विखुरले नाहीत. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थराने ते धरून ठेवले होते. 1909 मध्ये त्याने पेटंट घेतलं. या रचनेमुळेच खडा लागल्यावर सहसा बाहेरचीच काच दुखावते, आतली शाबूत राहते, आणि टवका भरून काढता येतो.

पण लगेच भरावा लागतो. भाच्याने टवका पाहून आधी रुमालाने पुसायला घेतलं, मी त्याचा हात धरला. पुसल्याने धूळ आणि घाम आत जातो, मग डाग कायमचा राहतो. अशा वेळी पारदर्शक चिकटपट्टीचा एक तुकडा त्यावर लावून टाकावा. एसीचा थेट झोत काचेवर सोडू नये. उन्हाने तापलेल्या काचेला आतून गार हवा लागली की टवक्याचे पाय लांब होतात. खड्ड्यांचे हादरेही तेच करतात. दुसऱ्या दिवशी आम्ही काचवाल्याकडे गेलो. त्याने टवक्यावर रबरी तोंडाचं एक छोटं यंत्र बसवलं, आधी आतली हवा ओढून घेतली आणि मग दाब देऊन पाण्यासारखं पातळ रेझिन आत सोडलं. भिंगातून पाहिलं तर चंदेरी दिसणारे ते तीन पाय एकामागून एक विझत गेले. या रेझिनमधून प्रकाश जवळपास काचेइतकाच वाकतो, म्हणून भरलेली जागा डोळ्यांना दिसेनाशी होते. मग वर अतिनील दिवा धरून त्याने ते कडक केलं. अर्ध्या तासाचं काम, आणि अख्ख्या काचेच्या किमतीपुढे खर्च अगदी किरकोळ. तडा काचेच्या कडेपर्यंत गेला असेल, चालकाच्या नजरेसमोर असेल किंवा आतल्या काचेपर्यंत पोचला असेल, तर मात्र काच बदलणंच बरं. नव्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो. काच बदलली तर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, हे आधीच विचारून ठेवावं.

विम्याच्या बाबतीत काच नशीबवान आहे. प्लास्टिक, रबर, टायर यांच्या दाव्यात 50 टक्के घसारा कापतात; काचेवर घसारा शून्य. तरीही छोट्या टवक्यासाठी दावा लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात 1000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2000 रुपये आपल्याला भरावेच लागतात. शिवाय पहिल्या वर्षी 20 टक्क्यांपासून सुरू होऊन 50 टक्क्यांपर्यंत चढणारा नो क्लेम बोनस हातचा जातो.

आता रंग. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून जाडी भरते साधारण 100 ते 150 मायक्रॉन. केसाच्या जाडीहून फार वेगळी नाही. शोरूममध्ये ज्याची सगळ्यात जास्त भलामण होते ते सिरॅमिक कोटिंग असतं एक-दोन मायक्रॉनचं. त्यामुळे पाणी ओघळून जातं, धूळ कमी चिकटते, चकाकी टिकते. हे गुण खरे आहेत आणि ज्याला हवे असतील त्याने ते जरूर घ्यावं. पण खडा थांबवणं हे त्याचं कामच नाही. 22 मीटर प्रति सेकंद वेगाने आदळणाऱ्या बसाल्टपुढे एक मायक्रॉन काय करणार? ते खड्यांपासूनचं संरक्षण म्हणून विकलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण नवी गाडी घेणारा माणूस हप्त्यांच्या ओझ्याखाली असतो आणि एकेक हजार मोजून देत असतो.

खडा थांबवणारी वस्तू म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, जिला सगळे पीपीएफ म्हणतात. ती 150 ते 200 मायक्रॉन जाड असते, म्हणजे रंगाच्या सगळ्या थरांएवढी किंवा त्याहूनही जाड, आणि मुख्य म्हणजे लवचिक. दणका बसला की ती दबते आणि जोर पसरवून टाकते. अशा फिल्मचा उगम व्हिएतनाम युद्धातला. अमेरिकी हेलिकॉप्टरची पाती वाळूने आणि दगडांनी झिजू नयेत म्हणून ती वापरली गेली. पूर्ण गाडीला फिल्म लावायचा खर्च फार. तो करायची गरज नाही. खडा लागतो तो बोनेटच्या पुढच्या भागाला, बंपरला, आरशांच्या पाठीला आणि चाकामागच्या दाराच्या खालच्या पट्टीला. तेवढ्याच जागांना लावली तरी पुष्कळ काम होतं. आणि चारही चाकांना मडफ्लॅप लावावेत. थोड्याशा पैशात आपली दाराखालची पट्टीही वाचते आणि मागच्याची काचही.

इतकं करूनही टवका उडून पत्रा उघडा पडला तर तो तसाच ठेवू नका. आपल्याकडची हवा खाडीची, दमट आणि खारट. गंज उघड्या जागेतून रंगाखाली पसरत जातो आणि वरून दिसतो तोवर फोड आलेला असतो. कंपनीच्या रंगाच्या क्रमांकाचा टच-अप पेन मिळतो; जागा धुऊन, वाळवून एक ठिपका दिला की गंजाची वाट बंद होते. गाडीखालच्या कोटिंगबद्दल एवढंच: करून घेतलं तर पाणी निचरायची भोकं बुजली नाहीत ना, हे स्वतः वाकून बघा. ती बुजली तर पाणी आत साठून कोटिंग न करण्यापेक्षा जास्त नुकसान होतं. आणि सिमेंटची, कचेची धूळ बसलेली गाडी कोरड्या फडक्याने कधीही पुसू नका. आधी भरपूर पाणी मारा, मग फडकं. कोरडा वायपरही फिरवू नका. ओल्या डांबराचे काळे ठिपके बसले असतील तर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवा, मऊ पडून निघतात.

खड्डे हा मात्र वेगळा आणि मोठा विषय. डांबर आणि पाणी यांचं वैर जुनं आहे. रस्त्याला बारीक भेग पडते, पावसाचं पाणी आत शिरतं आणि वरून चाक जातं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून चाकाचा सगळा दाब ते भेगेच्या आत ढकलतं. खडीवरचं डांबर सोलून निघतं, खडी सुटी होते, पुढच्या चाकाबरोबर उडते. म्हणजे खड्डा आणि उडणारा खडा ही एकाच आजाराची दोन लक्षणं. खड्डा भर पावसात कोरडी खडी टाकून बुजवला की दोन दिवसांत तीच खडी रस्त्याभर पसरते आणि तीच आपल्या काचेवर येते.

भार किती महत्त्वाचा, हे अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून पुढे आलं. रस्त्याचं नुकसान आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. आपल्या छोट्या गाडीच्या एका आसावर साधारण 650 किलो भार असतो. ट्रकच्या चार टायरच्या एका आसावर 2018 पासून 11.5 टन चालतो, त्याआधी 10.2 टन होता. हिशेब करून पाहा: असा एक आस आपल्या गाडीच्या आसाच्या जवळपास 1 लाख पट रस्ता झिजवतो. आणि 10.2 चे 11.5 झाले, ही वाढ दिसायला 13 टक्के असली तरी नुकसानीत सुमारे 60 टक्के भर घालते. हे कायदेशीर भाराचं झालं. जादा भाराला 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. तो दंड सातत्याने वसूल झाला तर काय फरक पडेल, हे त्या चौथ्या घातावरूनच कळतं. त्यात डांबराचा स्वभाव असा की भार जितका सावकाश जाईल तितकं ते जास्त दबतं. म्हणून सिग्नल, चढ आणि फाटे, जिथे ट्रक रांगत जातात, तिथेच रस्ता आधी लाटांसारखा होतो.

गोव्याच्या रस्त्याचा पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायचं काम 2011 मध्ये सुरू झालं. त्यानंतरच्या प्रत्येक गणपतीत चाकरमान्यांनी वडखळ, नागोठणे, कोलाड इथे काय सोसलं, ते कोकणातल्या कोणत्याही घरात विचारा. अर्धवट पूल, वळवलेले मार्ग, जुन्या डांबरातून एकदम नव्या काँक्रीटवर चढणारी धारदार कड. या कडाच टायर मारतात.

पनवेल हे चाकांचं गाव आहे, हे पुष्कळ पनवेलकरांनाही माहीत नसतं. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा मुंबईचा माणूस बोटीने पनवेलच्या बंदरात उतरून पुण्याकडे निघायचा. घाटावरून उतरणाऱ्या बैलगाड्यांसाठी इथे चाकं बनत, आणि त्या धंद्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. त्या चाकाला लोखंडी धाव असे. दगड लागला तर धाव सोसायची, आणि झिजली की नवी चढवायची. आजच्या चाकाला धाव नाही, हवा आहे. सोसायचं काम हवेने करायचं आहे, आणि नेमकी तीच आपण तपासत नाही.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर हवेचा दाब लिहिलेला असतो. तो थंड टायरचा. सकाळी घरून निघून जवळच्या पंपावर तपासावा. ऐंशी किलोमीटर चालून आल्यावर मोजलेला दाब वाढलेलाच दिसतो. हवा कमी असली तर खड्ड्याच्या कडेवर टायर रिमपर्यंत चेपतो, आणि रिम व कड यांच्या कात्रीत आतले धागे तुटतात. मग काही दिवसांनी टायरच्या बाजूला टेंगूळ येतं. माझ्या स्वतःच्या गाडीला आलं होतं. अंगठ्याने दाबलं तर लिमलेटच्या गोळीएवढा तो फुगा मऊ लागला, बाकी टायर कडक. त्या जागी टायरला फक्त रबर धरून होतं. अशा टायरला पंक्चरवाल्याकडे उपाय नाही. स्टेपनी लावून हळू घरी यायचं आणि टायर बदलायचा, एक्स्प्रेसवेवर तर अजिबात न्यायचा नाही. दिसायला रुबाबदार म्हणून मोठे अलॉय आणि पातळ टायर घालू नका, ही माझी प्रत्येक नव्या गाडीवाल्याला विनंती असते. टायरची उंची कमी म्हणजे सोसायला हवा कमी.

खड्डा चुकवता येत नसेल तर ब्रेक आधी दाबा आणि चाक खड्ड्यात पडायच्या क्षणी सोडा. दाबलेला ठेवला तर गाडीचं नाक खाली जातं, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते आणि चाकाला वर यायला जागाच उरत नाही. पाणी भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही, तिथे पुढच्या गाडीचं चाक किती बुडतं ते बघा. इथेही ते अंतरच कामी येतं.

रात्रीसाठी आणखी एक. ट्रक बंद पडला की चालक मागे मोठाले दगड आणि झाडाच्या फांद्या मांडतो, ते त्याच्या जिवाच्या भीतीने. ट्रक सुरू झाला की तो निघून जातो, दगड तिथेच राहतात. अंधारात ते डांबराच्याच रंगाचे. स्वतः उतरून हलवायला जाऊ नका. राष्ट्रीय महामार्गावर 1033 ला फोन लावा आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. रस्ता ठरलेल्या दर्जाचा न ठेवल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आलं, तर जबाबदार असणाऱ्याला 1 लाखापर्यंत दंड करायची तरतूदही 2019 च्या दुरुस्तीत, कलम 198 अ मध्ये आहे. दाद मागायची वेळ आली तर तारीख, जागा आणि फोटो हवेत, म्हणून गाडीत पुढे कॅमेरा असणं सोयीचं.

पेणहून परतल्यावर त्या संध्याकाळी भाचा सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी धूत होता. मी किल्लीचं टोक घेऊन चाकाशी बसलो आणि टायरच्या खाचांत रुतलेले खडे एकेक करून उकरले. दोन पुढच्या चाकांतून अकरा निघाले, सगळे काळे, धारदार, क्रशरचे. पुढच्या वेगाला यातला कोणता सुटला असता आणि मागच्या कोणाच्या काचेवर गेला असता कोण जाणे. भाच्याने पाइप बंद केला, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि मागच्या चाकाशी जाऊन बसला.